नर्सबाईचं नाव कोणी सुचवलं?

व्हर्लिना लारोंडला राजधानीहून पत्र आलं. चाळीस वर्षं सुईणीचं काम केल्याबद्दल स्वातंत्र्यदिनी राष्ट्राचं पदक. मान्य असल्यास सही करून पाठवा.

"आत्या, अगं नाच की!" भाची कोरलीन म्हणाली.

"निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. आत्ताच बरी आठवण झाली?"

डॉमिनिकात निवडणूक तोंडावर आली होती. व्हर्लिना तडक सत्ताधारी पक्षाचं गावातलं काम बघणाऱ्या हेस्किथकडे गेली. "मला व्यासपीठावर मिरवून मतं मागायचीत ना रे?"

"देवाशपथ, नर्सबाई! माझ्या हातात असतं तर आधी माझंच नाव नसतं का घुसवलं?"

हे मात्र तिला पटलं.

"मे महिन्यात इस्मेनिया पदकासाठी नाव सुचवायचा अर्ज न्यायला माझ्याकडे आली होती," तो म्हणाला. "तिलाच विचारा."

सव्वीस वर्षांपूर्वी इस्मेनियाचं पहिलं बाळ व्हर्लिनाच्याच हातात दगावलं होतं. तेव्हापासून ती बाई समोर आली की मान फिरवून जायची. ती कशाला कौतुक करेल? भर समारंभात उठून विचारायचं असेल, हिला पदक देताय, माझ्या पोराचं काय?

इस्मेनिया अंगणात कोकोच्या बिया वाळत घालत होती. तिने 'बस' म्हटलं नाही.

"काय आहे तुझ्या मनात? स्पष्ट सांग," व्हर्लिना म्हणाली. "चारचौघांत माझी अब्रू काढायचीय?"

इस्मेनियाचे हात थांबले. "त्या वादळात पूल वाहून गेला होता. तू कमरेएवढ्या पाण्यातून आलीस. पोर गेलं, पण मी वाचले. तेवढंच लिहिलंय. खोटं आहे?"

"नाही."

"तुझी काही चूक नव्हती, हे कळायला मला फार वर्षं लागली. पण तुझं तोंड दिसलं की अजून तोच दिवस आठवतो. म्हणून गोडीगुलाबीने बोलायला येऊ नकोस."

"समारंभाला येणार आहेस?"

"नाही."

व्हर्लिनाने सही केली, पण मनातली पाल चुकचुकतच राहिली. तीन नोव्हेंबरला, स्वातंत्र्यदिनी, ती रांगेत उभी राहिली ती गर्दी न्याहाळतच. छातीवर पदक लावलं जात होतं तेव्हाही तिचे डोळे फाटकाकडे होते. टाळ्या संपल्या, बँड वाजला, लोक पांगू लागले. इस्मेनिया खरोखरच आली नव्हती.

तेव्हा कुठे व्हर्लिनाचा तिच्या शब्दांवर विश्वास बसला, आणि सगळ्यांदेखत तिला रडू फुटलं.