मागची फळी

"बाबा, तुम्ही फक्त बघायचं आणि हो किंवा नाही एवढंच सांगायचं," असं म्हणत लेकीनं मोबाईल माझ्या ताटाशेजारी ठेवला. फोटोत एक जुनी मोटरबोट होती. ताडपत्री अर्धी सरकलेली, रंगाचे पापुद्रे सुटलेले, सीटच्या फाटक्या रेक्झिनमधून पिवळा फोम बाहेर आलेला. दुसऱ्या कुणाला ती ओळखू आली नसती. मला आली. घास तोंडात तसाच राहिला.

"कुणाची आहे?" मी विचारलं. माहीत असून विचारलं. त्या दिवसातली ती पहिली लबाडी.

"सरांची. मला गणित शिकवायचे ते. काकूंच्या गुडघ्याला जिने झेपत नाहीत, म्हणून लिफ्टवालं घर घेतलंय त्यांनी. महिनाअखेर शेड रिकामी करायची आहे. कुणी नेली नाही तर बोट फोडून लाकूड देऊन टाकणार म्हणाले."

फोडून टाकणार हे ऐकून मला हायसं वाटलं. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज राहायला नको.

"घ्यायची म्हणतेस? आधी ते लाकूड आहे की भुसा ते तरी बघ."

"तेच बघायला तुम्ही येताय ना! काम सोडल्यापासून नुसते घरातल्या बिजागऱ्यांना तेल घालत फिरताय. काल तर फ्रिजच्या दारालाही घातलंत. दर रविवारी दोघं मिळून बोट नीट करू. मला काम शिकवा. मशीनचं मी बघते, लाकडाचं तुम्ही."

लेक लिफ्ट दुरुस्तीचं काम करते. तिनं तपासून वहीत सही केली की मगच दहा मजले माणसं वर जातात. अशी पोरगी आपल्याकडून काही शिकू बघते म्हटल्यावर कुठल्याही बापाची छाती फुगेल. मी मात्र मोबाईल उलटा करून ठेवला.

मी चाळीस वर्षं तलावाच्या काठी बोटींची सुतारकी केली. माझ्या कारखान्यावर पाटी होती, 'दिलेली तारीख पाळली जाईल'. तारीख पाळणारा मिस्त्री म्हणून मी स्वतःची टिमकी वाजवत फिरायचो आणि उशीर करणाऱ्यांना तोंडावर नावं ठेवायचो. बारा वर्षांपूर्वी लेकीचे हे सर, म्हणजे आमचे मास्तर, ही बोट घेऊन आले. बोटीच्या मागच्या फळीवर मोटर टांगलेली असते. मोटरचा सगळा जोर त्या एका फळीवर. मी टोचून बघितली तर फळी आतून कुजलेली. सबंध बदलायला हवी होती आणि तशी सुकी फळी यायला तीन आठवडे होते.

"रविवारपर्यंत मिळेल ना मिस्त्री? हिच्या बहिणीला तलाव दाखवायचाय," मास्तर म्हणाले.

तीन आठवडे थांबा, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "मिळेल."

कुजकं लाकूड कोरून काढलं, तिथं पुट्टी भरली, वरून पातळ प्लायवुड मारलं आणि असा झकास रंग दिला की जोड मलाच सापडेना. माझी एक सवय होती. बसवायच्या प्रत्येक तुकड्याच्या आतल्या बाजूला मी पेन्सिलीनं कामाची नोंद करायचो. त्या प्लायवुडवरही केली. 'तात्पुरतं. पुढच्या हंगामात फळी बदलणे.' मग तो मजकूर आत घालून स्क्रू मारले. ज्यानं वाचायला हवा होता तो माणूस बाहेर राहिला.

पुढचा हंगाम आला. मास्तर रस्त्यात भेटले. "मिस्त्री, काय पळते हो बोट!" म्हणाले. तेव्हा सांगता आलं असतं. पण आता सांगायचं म्हणजे आधी फसवलं होतं हेही सांगावं लागलं असतं. "पळायलाच हवी," म्हणालो आणि पुढे चालू लागलो.

त्यानंतर तीन आठवड्यांनी ते झालं. मोटर त्या फळीला दोन स्क्रूंनी धरलेली असते आणि ते प्रत्येक फेरीआधी हातानं आवळायचे असतात. मास्तरांनी ते आवळले होते. पण आवळून धरायला आत लाकूडच नव्हतं. भर वेगात पुट्टीचा चुरा झाला, स्क्रू सैल पडले, मोटर कलली आणि बोट जागच्या जागी गरकन फिरली. मास्तरीणबाई सीटच्या लोखंडी कडेवर आदळल्या. गुडघ्याच्या वाटीचे तुकडे झाले. मोटर पाण्यात पडू नये म्हणून बांधलेल्या साखळीला लटकून राहिली, प्लायवुडला नुसता पोचा आला, म्हणून कुणाला काही कळलं नाही.

मी दवाखान्यात भेटायला गेलो. मास्तर बाहेर बाकावर बसले होते. म्हणाले, "मिस्त्री, मला आठवतंय तसे मी स्क्रू आवळले होते. पण सुटले, त्या अर्थी आवळले नसणार."

गणिताचा माणूस. स्वतःविरुद्धही बरोबर पायऱ्या मांडल्या त्यांनी. आणि मी काय म्हणालो? "होतं असं माणसाच्या हातून." वर खांद्यावर हातही ठेवला. इतकी वर्षं झाली तरी तो हात कुठे ठेवावा हे मला कळत नाही.

शाळेतल्या पोरांनी त्यांचं नाव 'ढिले मास्तर' ठेवलं. न्हाव्याच्या दुकानात त्यावरून हशा पिकायचा, आणि तिथं बसून मीही हसलोय.

तर तो दिवस रविवारचाच होता. जेवण झाल्यावर आम्ही दोघं मास्तरांच्या घरी गेलो. जाताना मी मनाशी पक्कं केलं होतं. नाही म्हणायचं. बोट फुटेल, लाकूड कुणाच्या तरी चुलीत जाईल, बरोबर माझी पेन्सिलही जाईल.

मास्तर शेडची किल्ली घेऊन पुढे निघाले. घराचं दार ओढलं, चार पावलं चालले, मागे फिरले, पुन्हा ओढून बघितलं. मग एकदा स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत डोकावून, "अगं, गॅस बंद आहे ना?" असं विचारून आले.

"चहा व्हायचाय अजून, बंद कसा असेल?" आतून उत्तर आलं. मास्तरीणबाई काठी टेकत दारात आल्या आणि माझ्या लेकीकडे बघून हसल्या. "बोट घेतेयस ती घे बाई, पण स्क्रू आवळत जा. आमच्याकडे नुसतं गणित पक्कं होतं." यात राग नव्हता. रोजचं मीठ घालावं तसं त्या बोलल्या. मास्तरही सवयीनं हसले. मी बुटाकडे बघत राहिलो.

शेडमध्ये बोट ठोकळ्यांवर उभी होती. मी पिशवीतून लाकडी हातोडी काढली आणि लेकीला शिकवायला लागलो. लाकूड हलकेच वाजवायचं. निरोगी असेल तर टणक आवाज येतो, कुजलं असेल तर भद्द. पुढून सुरुवात केली. तळ, बरगड्या, दोन्ही बाजू, सीटखालच्या पट्ट्या, सगळं वाजवलं. आवाज ऐकून मलाच वाईट वाटत होतं. टण, टण, टण. अकरा वर्षं धूळ खाऊनही बोट ठणठणीत होती. एका बरगडीत थोडा भद्द आवाज आला, तेवढाच मी धरून ठेवला.

"नको घेऊस," हातोडी पिशवीत टाकत मी म्हणालो. "बरगड्या गेल्यात. खर्च करशील आणि पस्तावशील."

मास्तर बोटीच्या काठावरची धूळ रुमालानं पुसत म्हणाले, "मिस्त्री म्हणतायत म्हणजे विषय संपला. मागचं सगळं काम यांनीच करून दिलं होतं पोरी. एक हंगाम कशी चालली होती! घालवली ती मी." धूळ पुसलेल्या जागेवर त्यांनी हात ठेवला. "फोडायला द्यायचं जिवावर आलंय खरं. पण ठीक आहे."

मला वाटलं सुटलो. तेवढ्यात लेक म्हणाली, "बाबा, मागे वाजवलंच नाहीत."

"वाजवलं की."

"नाही. मी मोजत होते. तुम्ही मागे आलात आणि वळसा घालून पुढे गेलात." तिच्या आवाजात संशय नव्हता. काम अर्धवट राहिलं की ती असंच बोलते. तिनं माझ्या पिशवीतून हातोडी काढून घेतली, वाकली आणि मागची फळी एका टोकापासून वाजवत आली. टण. टण. टण. भद्द. पुन्हा वाजवलं. भद्द. तिनं फळीला कान लावला. "हे लाकूड नाहीये, बाबा. आत दुसरंच काहीतरी आहे. सर, हे उघडलं तर चालेल?"

"उघड की. फोडायचीच आहे."

तिनं खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. मी तिचा हात धरला. अजूनही एखादं खोटं सापडलं असतं. मला खोटं बोलायला वेळ लागत नाही हे एव्हाना तुम्हीही बघितलंय. पण त्या फळीवर माझं अक्षर होतं आणि लेक ते वाचणार होती. म्हणजे चांगुलपणा वगैरे काही नाही, कोंडीत सापडलो म्हणून बोललो.

"थांब. मी उघडतो. मीच बंद केलंय ते."

पटाशी घालून प्लायवुड उचकटलं. आतून करड्या चुऱ्याची धार बुटांवर पडली. प्लायवुड उलटं करून मी मास्तरांच्या हातात दिलं. पेन्सिल काल लिहिल्यासारखी होती. मी सगळं सांगितलं. सुकी फळी नव्हती ते, रविवारचं, रस्त्यातल्या भेटीचं, दवाखान्यातल्या बाकाचं. लेकीकडे बघायची हिंमत झाली नाही.

मास्तरांनी चष्मा पुसून तो मजकूर दोनदा वाचला. मग बाहेर तोंड करून हाक मारली, "अगं, जरा इकडे ये." आणि मला म्हणाले, "आता हिच्यासमोर सांगा."

पुन्हा सांगितलं. मास्तरीणबाई काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होत्या.

"म्हणजे मी आवळले होते," मास्तर म्हणाले.

"आवळले होते."

"दोन्ही?"

"दोन्ही, मास्तर. तुमची काही चूक नव्हती."

ते मला मारतील असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते बोटीच्या ठोकळ्यावर बसले आणि वर्गात बोलावं तशा संथ आवाजात म्हणाले, "मी नोकरी दोन वर्षं आधी सोडली. लोकांना वाटलं हिच्या पायासाठी. तसं नव्हतं. एकेका पेपरची बेरीज चार चार वेळा करायला लागलो होतो. बरोबर यायची, तरी खरी वाटायची नाही. पेपर वेळेत तपासून होईनात. हिलासुद्धा सांगितलं नाही मी हे."

मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. स्क्रू आवळण्यावरून मास्तरांची गंमत करण्यात त्यांची इतकी वर्षं गेली होती, तीही माझ्यामुळेच. एका गुडघ्यापुरतं माझं पाप आहे असं मी समजत होतो.

"माफ करा," मी म्हणालो. मास्तरांनी प्लायवुड ठोकळ्याला टेकवून ठेवलं.

मग लेक म्हणाली, "सर, बाकी बोट चांगली आहे. मी घेते. फळी मी नवी करीन."

"घे," मास्तर म्हणाले. "पण पाण्यात उतरवशील त्या दिवशी स्क्रू मी आवळणार."

निघताना मास्तरांनी शेडला कुलूप लावलं, ओढून बघितलं, चार पावलं आले आणि थांबले. एरवी मास्तरीणबाई काहीतरी टोमणा मारत असणार. आज त्या म्हणाल्या, "लागलंय हो. तुम्ही लावताना बघितलं मी." मास्तरांनी मान डोलावली. तरी मागे फिरून त्यांनी कुलूप ओढलं. एकदा, आणि मग आणखी एकदा. मास्तरीणबाई काठी धरून उन्हात उभ्या राहिल्या, ते परत येईपर्यंत.

घरी जाताना लेक एकच वाक्य बोलली. "आतलं बघितल्याशिवाय सही करायची नाही, हे मला तुम्ही शिकवलंत, बाबा."

मग दर रविवारी आम्ही जायला लागलो. मास्तरांचं घर बदललं, बोट माझ्या जुन्या कारखान्यात आली. मी खोक्यावर बसून सांगायचं, लेकीनं करायचं, असं ठरलं. तसं ठरवताना तिनं आवाज चढवला नाही. अजून मला 'बाबा, चहा घ्या' म्हणते, औषध घेतलं का विचारते.

सहाव्या रविवारी नवी फळी बसली. लेक व्हार्निश आणायला गेली होती आणि एक बोल्ट आवळायचा राहिला होता. मला राहवलं नाही. उठलो, वॉशर घातला, पाना लावला आणि आवळला. चाळीस वर्षांत आवळला नसेल इतका नीट आवळला.

लेक आली. बोल्टकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. डबा खाली ठेवून तिनं पाना उचलला, तो बोल्ट पूर्ण सोडवून बाहेर काढला, भोकात टॉर्च मारून आत बघितलं, आणि मग स्वतःच्या हातानं पुन्हा बसवला. एकदा आवळला. थांबली. आणखी एकदा आवळून बघितला.

मी खोक्यावर जाऊन बसलो.