लिफ्टचा कोड चव्हाट्यावर

लिफ्ट बनवणाऱ्या त्या कंपनीची प्रत्येक लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबायची. बटण दाबा नाहीतर दाबू नका. थांबायची, दार उघडायची, कुणी येतंय का बघायची आणि मगच पुढे जायची. मालक गिऱ्हाइकांना ठणकावून सांगायचे, "खास सोय आहे ही! माणसाला मध्ये श्वास घ्यायला नको?"

खुद्द कंपनीच्या इमारतीतही तेच. तिथे तिसऱ्यावर मालकांच्या मेव्हण्याचं विम्याचं ऑफिस. दार उघडलं की स्वारी पेन घेऊन उभीच. "दाजी, फक्त एक सही!" मालकांच्या चपलांचासुद्धा विमा उतरवून झाला होता.

प्रोग्रामरबाईंना ती चूक काही केल्या सापडेना. वैतागून त्यांनी कोडमध्येच टीप लिहून ठेवली होती : 'इथे का थांबते देव जाणे. मालकांना विचारू नये. ते श्वासावर भाषण देतात आणि स्वतः श्वास घेत नाहीत.' अशा टिपा बऱ्याच होत्या. वाचणार कोण? कोड कंपनीबाहेर जातोय कशाला!

मग एक मेल आला. कुठल्या लिफ्टने आधी कुठे जायचं हे ठरवणारी लायब्ररी, म्हणजे आयता कोड, बाईंनी इंटरनेटवरून घेतली होती. ती लिहिणाऱ्याने कळवलं होतं : माझ्या लायब्ररीला दोन परवाने आहेत. तुमचा कोडही सगळ्यांना खुला केलात तर फुकट वापरा. झाकून ठेवायचा असेल तर परवाना विकत घ्या.

"फुकट!" मालक खुर्चीतून उठलेच.

"साहेब, आपला सगळा कोड जगाला दिसेल."

"दिसू दे की! लपवण्यासारखं आहे काय त्यात?"

बाईंना त्या टिपा आठवल्या. आता नोकरी जाणार. "आजचा दिवस द्या. जरा आवरून घेते."

"का, पाहुणे यायचेत?" असं म्हणत मालकांनी स्वतःच कॉम्प्युटरवरचं बटण दाबलं. "झाला खुला!"

दुसऱ्या दिवशी बाई राजीनामा पर्समध्ये घालूनच लिफ्टमध्ये शिरल्या. मालक आत होते, हातात मोबाइल.

"'मालकांना विचारू नये,'" त्यांनी खड्या आवाजात वाचलं. "कुणाची ही अक्कल?"

"साहेब, मी..."

"गप्प. तिसरा येतोय."

तिसरा आला. आणि गेला! दाराच्या काचेतून मेव्हण्याच्या उघड्या तोंडाचा आ तेवढा खाली सरकताना दिसला. पेनासकट.

मालकांनी लिफ्टमध्येच गिरकी घेतली. "कुणी परक्याने दुरुस्ती पाठवली बाई! म्हणतो, टीप वाचून हसता हसता चूक दिसली. सकाळीच बसवून घेतली मी. लिहा, अजून टिपा लिहा! माझ्यावर लिहा!"

बाईंनी पर्सची चेन घट्ट लावली.

पाचव्यावर दार उघडलं, तर जिन्यातून धापा टाकत मेव्हणा वर पोचलेला. "दाजी... थांबा... श्वास घेऊ द्या... फक्त एक..."

मालक बाईंच्या कानाशी लागले. "बाई, जिन्याचा कोड कुणाकडे असतो हो?"