काकूंचं आमेन

त्या मिशनरी मुलीला बहिणीच्या लग्नाला जायची परवानगी मिळाली असती, तर मुलीपेक्षा काकूंचाच फायदा जास्त होता. मुलीला चार दिवस जुळी बहीण मिळाली असती, काकूंना नात. नियम सगळ्यांना एकच: सेवेची मुदत संपेपर्यंत घरी जायचं नाही, मग तुम्ही कोवळे मिशनरी असा की त्यांचे प्रमुख. प्रमुख म्हणजे काकूंचे यजमान. लेक बाळंत झाली तेव्हा काकूंनी विषय काढून पाहिला होता, पण ते म्हणाले, "आपणच गेलो, तर या पोरांना कुठल्या तोंडाने अडवायचं?" काकूंनी तेव्हाच ठरवलं, की आधी एखाद्या पोराला सोडायला लावावं, म्हणजे तोंडाचा प्रश्न मिटेल.

त्यामुळे मुलीचा अर्ज आला त्या दिवसापासून काकू तिच्या वकील झाल्या. जेवताना तिची बाजू, गाडीत तिची बाजू. प्रमुख इतके जेरीस आले, की आज तिच्या खोलीवर भेटीला निघताना म्हणाले, "बघू. पोरीचं मन तिकडेच असेल, तर पाठवू." काकू गाडीत गुणगुणत होत्या.

मुलींची खोली लाँड्रीच्या वर होती. मिशनरी दोघी-दोघींनी राहतात. या मुलीच्या सोबतिणीला सगळे रेडिओ म्हणत, आणि ते का, हे जिना चढतानाच कळायचं. प्रमुख येणार म्हटलं की अशा खोल्या घासूनपुसून लख्ख होतात, आणि पसारा कुठे पळतो ते काकूंना पाठ होतं. त्यांनी आल्या आल्या ओव्हन उघडला. आत मोजे, इस्त्री आणि अर्धा पाव.

"काकू, तिथे देवसुद्धा डोकावत नाही हो," रेडिओ म्हणाली.

"त्याला नातेवाईक कमी; पसारा कुठे लपवतात ते त्याला काय माहीत," काकू म्हणाल्या आणि मोज्यांच्या घड्या घालायला बसल्या. घड्या घालता घालता एक मोजा हातातच राहिला. नातीचे केवढे असतील? फोनच्या पडद्यावर पावलांचा अंदाज येत नाही. वास तर येतच नाही.

मग रेडिओने त्यांना गळका नळ दाखवायला आत नेलं आणि नळाची सबंध कर्मकथा ऐकवली. बाहेर प्रमुख मुलीशी बोलत होते. त्यांच्या मनात काही डाव नव्हता; डाव खेळायला लागते ती अक्कल घरात काकूंकडे होती. पोरीला धीर यावा म्हणून त्यांनी फक्त बायकोचं कौतुक केलं. बायकोच्या पाठीमागे ते नेहमीच करायचे.

अशी भेट संपते ती गुडघ्यांवर. घरातलं कुणीतरी प्रार्थना करतं, बाकीचे डोळे मिटतात. आज मुलगी म्हणाली, मी करते.

"प्रभू, काकूंनी नातीला अजून मांडीवर घेतलेलं नाही, तरी कधी कुरकुर केली नाही. मी मात्र हट्ट धरून बसले होते. तो मी आज सोडला. मला त्यांच्यासारखं कर."

काकूंचे डोळे खाडकन उघडले. बाकी सगळ्यांचे मिटलेले होते. माणूस बोलत असेल तर त्याला मध्येच तोडता येतं. प्रार्थना करत असेल तर कसं तोडणार? आणि शेवटी आमेन म्हणायचं, म्हणजे माझंही हेच म्हणणं. तिघांचं आमेन एकदम आलं. काकूंचं जरा मागून.

दारात मुलीने त्यांना मिठी मारली. डोळे लाल, पण चेहरा कसा हलका झालेला.

"मी बरोबर केलं ना, काकू?"

वेडे, जा, असं म्हणायला अजून वेळ होता. पण तेवढं म्हणायचं, तर मी का म्हणतेय तेही सांगावं लागलं असतं, आणि तो चेहरा पुन्हा तसा राहिला नसता. काकूंनी तिच्या केसांवरून हात फिरवला.

"लग्नाच्या दिवशी फोन लाव. सगळं उरकेपर्यंत ठेवू नकोस," त्या म्हणाल्या. "हे काही म्हणणार नाहीत."

प्रमुखांनी मान डोलावली.

तर हे कुणाला केवढ्याला पडलं? प्रमुखांना फुकटात एक आदर्श मिळाला. पुढच्याच खोलीवरच्या पोरांना त्यांनी तो सांगितलासुद्धा. रेडिओला श्रोता टिकला. किंमत मोजली ती मुलीने आणि तिकडे तिच्या बहिणीने. काकूंनी तर मोजलीच, वर स्तुतीही ऐकून घेतली. आणि जिला अजून मान सावरता येत नव्हती त्या नातीने आपली आजी दिली. तिला तर कुणी विचारलंही नव्हतं.