बॉनेटवरची दहा भोकं

एवेलिओची गाडी बावन्न सालची प्लिमथ होती, आणि हे वाक्य रेग्ला गावात कोणी त्याच्या तोंडून शंभरदा ऐकलं नसेल तर तो माणूस बहिराच असणार. त्याचा बाप सेवेरो एकतीस वर्षांपूर्वी गेला तो मागे दोनच गोष्टी ठेवून: ही गाडी आणि डॉजवाल्यांविषयीचा तिटकारा. एवेलिओने दोन्ही जिवापाड सांभाळल्या. समोरच्या निवाल्दोकडे त्याच सालची डॉज होती. दोन्ही गाड्या अंगकाठीने सारख्याच, फरक काय तो नाकावरच्या अक्षरांचा. तरी डॉमिनोच्या टेबलावर एवेलिओ तिला कधी खेचर म्हणे, कधी चाकं लावलेलं कपाट. निवाल्दो शांतपणे सोंगटी ठेवायचा आणि म्हणायचा, "तुझी पाळी."

खोट एकच. एवेलिओच्या गाडीच्या नाकावर नावच नव्हतं. चोरांनी उपटून नेलं, असं बाप सांगायचा. आता रविवारी मालेकोनवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर, जुन्या गाड्यांची मिरवणूक होती. प्लिमथच्या रांगेत पहिला मान एवेलिओला कबूल झाला होता, पण क्लबच्या अध्यक्षाने बजावलं होतं की नाव नसलेली गाडी रांगेत चालणार नाही. म्हणून मायामीच्या लेकीने जुन्या मोज्यात गुंडाळून आठ चकचकीत इंग्रजी अक्षरं पाठवली. या वयात माणसाला मान कितीदा मिळतो? एवेलिओने आठ दिवस आधीच शर्टाला इस्त्री करून ठेवली होती.

असली कामं रेग्लात एकटा निवाल्दोच करी, त्यामुळे शनिवारी त्यालाच बोलवावं लागलं.

"मी जेवून येतो," तो म्हणाला. "नवी भोकं पाडून बसवून देतो. तोवर बॉनेटला हात लावू नकोस."

"नवी भोकं तुझ्या खेचराला पाड. माझी मूळची आहेत, वर लांबी भरलीय तिच्याखाली."

"एवेलिओ, एकदा तरी ऐक माझं."

एवेलिओने आयुष्यात ऐकलं होतं फक्त बायकोचं, आणि तेही ती हातात झारा घेऊन उभी असली तरच. निवाल्दोची पाठ वळताच त्याने सुरी काढली आणि रंग, लांबी खरवडायला घेतली. पहिलं भोक लागलं तेव्हा तो एवढा खूश झाला की बॉनेटचा मुकाच घ्यायचा राहिला. मग दुसरं लागलं, तिसरं लागलं. दहाव्यानंतर पत्रा कोरा.

प्रत्येक अक्षराच्या मागे दोन खिळे होते. आठ अक्षरांना सोळा भोकं हवीत. त्याने बॉनेट उचलून खालून मोजली. खालूनही दहाच. दहा भोकं म्हणजे पाच अक्षरं, आणि पाच अक्षरांची गाडी रस्त्यापलीकडेच उभी होती.

बॉनेट दुसऱ्या गाडीचं असेल, त्याने स्वतःला समजावलं. या बेटावर कुठल्या गाडीचं सगळं स्वतःचं असतं? त्याचा कार्बुरेटर रशियन होता आणि मागची सीट बसची. तरी राहवेना. पावाचा कागद भोकांवर धरून त्याने वरून पेन्सिल घासली, रस्ता ओलांडला आणि तो कागद डॉजच्या नाकावर लावला. ठिपके जोडीजोडीने पाचही अक्षरांवर चपखल बसले.

"खेचराला अंगडं शिवतोयस?" निवाल्दो दात कोरत मागे उभा होता.

एवेलिओला खोटं बोलावं असं फार वाटलं, पण कागद हातातच होता. "माझी गाडी डॉज आहे," तो म्हणाला. "बॉनेट तरी डॉजचं आहे."

"नुसतं बॉनेट नाही, सगळीच. ती भोकं मीच लांबीनं बुजवलीत."

"तू?"

"तुझ्या बापानं सांगितलं. प्लिमथ घेतलीय अशी सासऱ्याला थाप मारून बसला होता. अक्षरं उपटून खाडीत फेकली, आणि गप्प राहायचं म्हणून मला अख्खं डुक्कर दिलं."

"आणि तू एकतीस वर्षं माझं ऐकून घेतलंस?"

"मोठं होतं रे डुक्कर."

एवेलिओ फुटपाथवरच बसला. बापाचा राग यायला हवा होता, पण आली ती लाजच. एकतीस वर्षं हा माणूस समोर बसून सोंगट्या लावत होता. "मग आता कुठली अक्षरं लावायची?"

"मी डुक्कर खाल्लंय. प्लिमथच लावणार."

निवाल्दोने दहा भोकं पुन्हा बुजवली, वर ताजा रंग मारला, तो वाळल्यावर नव्या कागदाचा साचा चिकटवून सोळा पाडली आणि खाऱ्या वाऱ्याने गंजू नयेत म्हणून प्रत्येकाच्या कडेला रंगाचं बोट फिरवलं. सायकलच्या ट्यूबच्या चकत्या घालून अक्षरं बसवली. खिळ्यांना मागून धरणारे चाप त्याने बोटांनीच दाबले. "पक्कड लावली तर खिळा तुटतो," तो म्हणाला. एवेलिओ सबंध वेळ डबा धरून उभा होता, आणि त्याच्या तोंडून एकही टोमणा निघाला नाही.

रविवारी प्लिमथच्या रांगेत तो पहिला होता, बॉनेटला टेकून उभा. शेजारून निवाल्दोसकट डॉजची रांग निघाली आणि डॉमिनोची मंडळी त्याच्या तोंडाकडे पाहू लागली. एवेलिओने घसा खाकरला. "बरी आहे हो गाडी," तो म्हणाला.

मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. निवाल्दोने गाडी हळू केली आणि खिडकीतून डोकं काढून पुटपुटला, "गोड बोलू नकोस, लेका. संशय येईल त्यांना. रोजचं बोल."

"खेचर," एवेलिओ हळूच म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाला आणि हात मात्र आपल्याच बॉनेटवर ठेवला.

मंडळी पोट धरून हसली. निवाल्दोने हॉर्न वाजवला आणि गाडी पुढे काढली.