होडीच्या फळ्यांचा पाळणा

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. खरं तर होडी म्हणावं असं माझ्यात फारसं उरलेलं नाही. बुडाच्या चार फळ्या तेवढ्या शिल्लक आहेत आणि त्यांचाही आता पाळणा झाला आहे. इनले नावाच्या मोठ्या तळ्यात खांबांवर उभ्या असलेल्या एका घरात मी टांगलेली आहे. बाळाला पहिल्यांदा पाळण्यात घालायचा समारंभ आज आहे. बायका जमू लागल्या आहेत. मला फार भीती वाटते आहे, म्हणून भराभर सांगते.

मला ऊ सेइन नावाच्या सुताराने घडवलं. अस्सल सागाचं लाकूड आणि त्यावर झाडाच्या चिकाचा काळाभोर लेप. तेव्हा मी इतकी चकचकीत होते की शेजारच्या होड्या हेव्याने माझ्याकडे बघायच्याही नाहीत. जाताना ऊ सेइन माझ्या मालकाला, को ल्विनला, बजावून गेला, "लेप दरवर्षी द्यायचा हं. लाकूड उघडं पडलं की समोर येईल ते पितं."

को ल्विन एका पायावर उभा राहून दुसरा पाय वल्ह्याला गुंडाळायचा आणि मला सपासप पळवायचा. दर पाचव्या दिवशी मी बाजाराला जायचे. मा फ्यू नवरी होऊन आली तीही माझ्यातूनच. तिने बसल्याबसल्या माझ्या कडेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "होडी तर छान आहे. नवऱ्याचं कळेल हळूहळू." को ल्विन इतका लाजला की त्याचं वल्हं चुकलं. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

मग टोमॅटो आले. पाणवनस्पती आणि गाळ यांचे लांबच लांब तरंगते वाफे करायचे, बांबू रोवून ते जागच्या जागी खिळवायचे आणि मधल्या पाण्यातून होडी फिरवत फवारणी करायची. बाजारातून औषधाच्या बाटल्या यायच्या. त्यांच्यावरची अक्षरं परदेशी, गावात कुणालाच वाचता न येणारी. त्यामुळे माप टोपणाने ठरायचं. एका टोपणाने कीड मेली नाही तर दोन, दोनाने नाही तर चार. कधी दोन बाटल्यांमधलं एकत्र. सगळं माझ्याच पोटात बसून कालवायचं, तेही हाताने.

को ल्विन पुढे पंप घेऊन उभा आणि मा फ्यू मागे वल्ह्यावर. वारा फिरला की सगळा फवारा तिच्या तोंडावर यायचा.

"फडकं बांध ना तोंडाला!" तो ओरडायचा.

"बांधलं तर तुला शिव्या कशा घालू?" ती म्हणायची आणि दोघं हसायची.

मला मात्र हसू यायचं नाही. पंपातून गळलेलं, कालवताना सांडलेलं सगळं माझ्या बुडाशी साचायचं आणि त्यात तिची अनवाणी पावलं दिवसभर भिजायची. एकदा एक बेडूक टुणकन माझ्यात उडी मारून आला. दुसरी उडी त्याला मारता आली नाही. संध्याकाळी को ल्विन पंप माझ्या कडेवरून तळ्यातच खळखळून धुवायचा. चार घरं पलीकडे त्याच पाण्यात तांदूळ धुतले जात असायचे.

माझा लेप कधीच निघून गेला होता. तो पुन्हा देण्याचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मी उघडी पडले आणि जे समोर आलं ते पीत गेले. वर्षानुवर्षं प्याले. ते माझ्यात आतपर्यंत मुरलं.

पुढे मा फ्यूच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. हातातल्या थाळ्या पडायच्या. को ल्विनला वास येईनासा झाला. चुलीवर मासा करपून कोळसा झाला तरी तो शेजारीच बसून राहायचा. "दमलोय जरा," एवढंच म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी मा फ्यूला दिवस गेले. सातव्या महिन्यापर्यंत ती वल्हवत होती. त्यांनी हौसेने बाजारातून वेताचा पाळणाही आणून ठेवला. ते बाळ जन्मलंच नाही.

मित्रांनो, आता नीट ऐका, कारण चूक इथे झाली. आमच्या तळ्यावर रीत आहे की बाळाचा पहिला पाळणा घरच्या होडीच्या लाकडाचा हवा, म्हणजे तळं त्याला आपलं मानतं आणि बुडवत नाही. त्यामुळे बाळ गेलं तेव्हा सगळ्या गावाने एकच सांगितलं, "विकतचा पाळणा आणलात ना, मग दुसरं काय होणार!" बाटल्यांकडे कुणी बोट दाखवलं नाही. को ल्विनने ते मनात धरून ठेवलं. यंदा मा फ्यूला पुन्हा दिवस गेले आणि त्याच सुमाराला माझं पोट तडकलं. त्याने ऊ सेइनला बोलावलं. "काका, बुडाच्याच फळ्या घ्या. बुडाच्या जाड असतात."

नेमक्या बुडाच्या!

करवत चालली तशी ऊ सेइनला ठसका लागला. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. "अरे, लाकूड नाकाला झोंबतंय," तो म्हणाला. "कसला वास आहे हा?"

को ल्विनने फळी नाकाशी धरली. "कुठे काय? काका, म्हातारे झालात तुम्ही."

"मी म्हातारा झालो, पण माझं नाक नाही रे झालं! हे मुरलंय. वरून घासून काय उपयोग?"

"गेल्या वेळी रीत मोडली तर काय झालं ते पाहिलंत ना? आता पुन्हा मोडू म्हणता?"

ऊ सेइनने मला घासलं, लेपाचा एक पातळ हात दिला आणि मान खाली घालून निघून गेला.

आणि आज हा दिवस उजाडला. मुलगी झाली आहे, सात दिवसांची. उन्हाने छपराचे पत्रे तापले आहेत आणि त्या उकाड्याने माझ्या अंगातलं सगळं वर येऊ लागलं आहे. माझ्यावर एकच पातळ कापड अंथरलं आहे. बायका गाणं म्हणत आहेत. मा फ्यू बाळाला घेऊन माझ्यावर वाकली.

मी ओरडले, मित्रांनो. लाकडाला ओरडता येतं तेवढं ओरडले. दोर थोडासा करकरला.

"थांब पोरी!" दारातून ऊ सेइन आला. त्याने दोन्ही हात तिच्यापुढे धरले. तळव्यांची कातडी सोलून निघाली होती. "या लाकडाला मी तीन दिवस हात लावला. फक्त हात. तू तर हिला त्यावर निजवणार आहेस."

"ठेव गं तू," को ल्विन म्हणाला. "वेळ टळतेय."

मा फ्यूने ते हात पाहिले. मग आपली बोटं पाहिली, मुंग्यांनी बधिरलेली. ती सरळ उभी राहिली आणि बाळाला तिने छातीशी घट्ट धरलं. "नाही ठेवणार," ती म्हणाली. "तळ्याला काय म्हणायचं ते म्हणू दे."

मित्रांनो, रिकामं राहण्यात इतकं सुख असतं हे मला ठाऊक नव्हतं. पण ते क्षणभरच टिकलं. को ल्विन रागाने पुढे आला. त्याने दोर तोडला, मला डोक्यावर उचललं आणि तो ओट्याच्या कडेला गेला. "नकोय ना? मग जाऊ दे तळ्यात!"

खाली पायरीवर शेजारीण बाळाच्या आंघोळीसाठी हंडा भरते आहे. पलीकडे कुणी तांदूळ धुते आहे. मित्रांनो, तुमच्याही गावात अशा बाटल्या असतील, पंप असतील, धुवायला जवळचं पाणी असेल. ते नीट ठेवा, वेगळं ठेवा, पिण्याच्या पाण्यापासून आणि लेकरांपासून लांब ठेवा. आणि तुमच्यापैकी कुणाचा आवाज माझ्यापेक्षा मोठा असेल, तर या माणसाला आत्ताच्या आत्ता हाक मारा. त्याचे हात सुटू लागले आहेत. त्याला सांगा, पाण्यात नको!