कानाला धरून उचललेलं पिल्लू

पिल्लू यायचं होतं ऋतुजासाठी, आणि निवडायला निघाले तातेराव! सत्यशीलेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासरे कुंभार पिंपळगावहून चार दिवस जालन्याला आले काय आणि प्रत्येक गोष्टीत आपलंच घोडं पुढं दामटायला लागले काय! नवरा भुजंग वडलांपुढं नंदीबैल. ह्या माणसाला देवानं तोंड दिलंच कशाला, असं तिला बारा वर्षांत शंभरदा वाटलं असेल.

ऋतुजा नऊ वर्षांची. दोन वर्षं कुत्र्यासाठी मागं लागली होती, पण कुत्र्याच्या केसांनी तिला धाप लागायची. पूडल जातीच्या कुत्र्याचे केस फारसे गळत नाहीत, असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं. २००३ साली जालन्यात असलं कुत्रं मिळणं म्हणजे नवलच. पण मस्तगडला ओळखीच्या देवानंदच्या पूडल कुत्रीला शेजारच्या पामेरियनपासून तीन पिल्लं झाली. ऋतुजा आठवडाभर रोज तिथं जाऊन बसली, धाप लागली नाही. त्यातलं तपकिरी पिल्लू तिची चाहूल लागली की तुरुतुरु पळत यायचं. तेच आणू, असं सत्यशीलेनं लेकीला कबूल केलं होतं.

चौघं पोचल्यावर देवानंदनं टोपलं पुढं ठेवलं. ऋतुजानं हात घातला तोच तातेराव म्हणाले, "हट बाजूला. कुत्रं निवडायची रीत असती."

त्यांनी तपकिरी पिल्लू कानाला धरून वर उचललं. ते जिवाच्या आकांतानं केकाटलं.

"रडकं हाय. बिलकुल न्हाई चालत."

दुसरं काळं, तेही केकाटलं. तिसरं पांढरं मात्र कानाला लोंबकळत राहिलं, आवाज म्हणून नाही.

"ह्याला म्हणतात पाणी! हूं का चूं न्हाई. हेच घ्या."

"आजोबा, पण माझं ते..."

"पोरीच्या जातीनं मधी बोलू न्हाई." मग देवानंदकडं वळून म्हणाले, "आमची सूनबाईबी अशीच पारखून आणली. बघायला गेल्तो. तासभर मान खाली. शब्द न्हाई तोंडातून! तवाच म्हणलं, ही नांदंल आपल्यात."

देवानंद हसला. भुजंगही हसला. मेल्याला लाजही वाटली नाही!

ही गोष्ट सत्यशीलेनं बारशांत, लग्नांत, पाहुण्यारावळ्यांत ऐकली होती. दरवेळी ती पदर सावरून आत निघून जायची. आज तिनं लेकीकडं बघितलं. ऋतुजा खाली मान घालून, ओठ घट्ट मिटून, रडू गिळत उभी होती. हुबेहूब तशीच मान खाली.

सत्यशीलेनं सासऱ्यांच्या हातातलं पांढरं पिल्लू ओढून घेतलं. अंग नुसतं भाजत होतं. नाक कोरडं, डोळे चिकटलेले, मान टाकलेली.

"मामा, हात लावा ह्याला."

"काय झालं?"

"लावा म्हणते ना!"

तातेरावांनी बोट टेकवलं आणि मागं घेतलं.

"पाणी न्हाई, ताप आहे. ओरडायलाबी जीव लागतो. अन् देवानंदभाऊ, हसता काय? जनावराच्या दवाखान्यात न्या ह्याला, आत्ताच्या आत्ता!"

"कुत्र्यावरून एवढं तापायला काय झालं?" तातेराव पुटपुटले.

"कुत्र्यावरून न्हाई! तुम्ही मला बघायला आल्ता ना, त्या दिवशी मला एकशेतीन ताप होता. आलेले पाहुणे परत कसे लावायचे, म्हणून आईनं गोळी देऊन पाटावर बसवलं. तुम्ही काय विचारलं, मला आजपर्यंत ठाऊक न्हाई. सासूबाईंनी कपाळाला कुंकू लावलं, त्यांच्या बोटाला चटका बसला असंल. पण त्या काय बोलणार? त्यांनाबी तुम्हीच पारखून आणलं होतं!"

भुजंगचं हसू कुठल्या कुठं गेलं. देवानंदनं पांढरं पिल्लू तिच्या हातून घेतलं आणि दवाखान्यात न्यायला फडक्यात गुंडाळलं.

ऋतुजानं मान वर केली. "मला तपकिरीच पाहिजे," ती मोठ्यानं म्हणाली.

"मंग घे की. कानाला न्हाई, पोटाखाली हात घालून उचल."

रिक्षात पिल्लू आईसाठी घरापर्यंत केकाटत राहिलं. वाटेत तातेराव त्याच्यावर "गप!" म्हणून खेकसले.

"कोणी गप बसणार न्हाई," सत्यशीला म्हणाली. पिल्लू आणखी जोरानं ओरडलं.