एक घर बुटकं

“आज किती?” गंगव्वाने अंथरुणावरून, भिंतीकडे तोंड करूनच विचारलं.

“सव्वीस.”

“म्हंजे एकच ऱ्हायला.”

“एकच.” निंगप्पाने चौकटींच्या कागदावर सव्वीसचं घर काळं केलं आणि कागद लांब धरून बघितला.

निंगप्पा भवानी पेठेतल्या एका कारखान्यात चादरींची नक्षी काढायचा. कागदावर तो घरं रंगवी, शेजारच्या टेबलावर चांदसाब त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडी, आणि पत्त्यांची माळ मागावर फिरू लागली की मोर, कमळ, जे काय असेल ते चादरीवर उतरे. माळ संपली की पहिला पत्ता पुन्हा वर. वीस वर्षांत माळेने निंगप्पाला कधी दगा दिला नव्हता.

त्याच जातीच्या कागदावर तो मुंबईच्या एका सिमेंट कंपनीच्या शेअरचा भाव काढी. दोन वर्षं बाजाराला दिशा नव्हती. भाव बावीसवर आला की वर निघे, सत्तावीसला टेकला की परत फिरे. मोठमोठे लोक अशा बाजारात हाताची घडी घालून बसतात. निंगप्पाला तोच पसंत होता. चादरीच्या काठाला तरी कुठं दिशा असते? बावीसला शंभर शेअर घ्यायचे, सत्तावीसला ‘विका’ म्हणून मुंबईच्या दलालाला तार करायची. चारदा केलं. स्टोव्ह आला, पंखा आला, शिवणाचं मशीन आलं.

पेपर तो भावापुरताच वाची. दिल्लीतलं सरकार बदललं हे त्याला चांदसाबकडून कळलं, आणि सिमेंट त्यापायी चार आणेसुद्धा हललं नाही म्हणून त्याने ते मनावर घेतलं नाही.

पाचव्या खेपेचे शेअर घेऊन झाले आणि गंगव्वाच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनला मिरजेला न्या, अडीच हजार धरा, आणि महिन्याच्या आत न्या.

“अवो, सव्वीसनं अडीच हजार हुत न्हाईत व्हय?”

“हुतात की. वर शंभर उरतात.”

“मग सव्वीसला काय काटे हायत?”

“डिझाईन मोडतं, गंगू. चारदा सत्तावीस झालंय. चार दिवसांचा तर सवाल हाय. वरचे पैसे तुलाच लागतील की, मोसंबी-बिसंबीला.”

अठरा वर्षं डिझाईनवाल्याशी संसार केलेली बाई. तिने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

चार दिवसांनी भाव पंचवीस झाला. मग चोवीस. आता अडीच हजारांना शंभर कमी पडू लागले.

“निंगप्पाभाई, शंभर रुपये मी देतो,” चांदसाब म्हणाला. “इकून टाका. भाभीला घिऊन जावा मिरजेला.”

“माळ फिरतीया, चांदसाब. येतंय वर.”

गंगव्वा एका मंगळवारी गेली. त्या दिवशी भाव तेवीस होता, पण तो कुणी बघितला नाही.

महिन्याभराने चांदसाबने पेपर आणून निंगप्पाच्या टेबलावर ठेवला आणि सिमेंटच्या भावावर बोट ठेवलं. सत्तावीस. माळेने याही खेपेला दगा दिला नव्हता.

निंगप्पाने पेपरची घडी घातली. तार केली नाही. दिवाळीच्या मालासाठी मालकांनी नवा काठ मागितला होता, तो वर चढून खाली उतरणाऱ्या टोकांचा काढायला घेतला.

दुसऱ्या दिवशी चांदसाब भोकं पाडायला बसला आणि मधेच थांबला.

“निंगप्पाभाई, चार टोकं बरोबर हायत. पाचवं एक घर बुटकं ऱ्हायलंय. चुकलं वाटतं.”

“चुकलं न्हाय.”

“मालक बघतील की.”

“कोन बघत न्हाय. पाडा तुमी.”

चांदसाबने कागदाकडे बघितलं, निंगप्पाकडे बघितलं, आणि भोक पाडलं.

त्या दिवाळीला सोळाशे चादरी बाहेर गेल्या. प्रत्येकीच्या काठाला चार टोकं उंच, पाचवं एक घर बुटकं.

एकही परत आली नाही.